तुमचा मोतिया रंग आणि आमची चूक

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय मंगळवारी वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणही स्वच्छ लिहिलंत: 'पैठणीच्या दुकानाची वेबसाइट करून घेतली. मागे मोतिया रंग हवा, एवढं एकच दहा वेळा सांगितलं होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पांढराफटक दिसतो, जाऊबाईंच्या लॅपटॉपवर पिवळा, माझ्या फोनवर तिसराच. लोगोभोवती चौकोन दिसतो. तक्रार केली तर म्हणाले तुमचा स्क्रीन खराब आहे, आणि रंग बदलायचे दोन हजार मागितले. भाचा म्हणतो वेब-सेफ रंग वापरले असते तर हे झालंच नसतं.'

आधी पैशाचं बोलतो. ते दोन हजार मागायला नको होते. ते बिल मी त्याच दिवशी रद्द केलं आहे आणि या दुरुस्तीचा एक रुपयाही लागणार नाही. 'तुमचा स्क्रीन खराब आहे' हे वाक्य आमच्या ऑफिसातून गेलं, त्याबद्दल मालक म्हणून माफी मागतो. तुमचा स्क्रीन खराब नाही. तुमच्या गिऱ्हाइकांकडे तसेच स्क्रीन आहेत आणि वेबसाइट त्यांच्यासाठीच केली आहे.

गुरुवारी मी येवल्याला आलो तेव्हा तुम्ही हातातली कामं बाजूला ठेवून तासभर दिलात. दुकानातला कॉम्प्युटर, जाऊबाईंचा लॅपटॉप, तुमचा फोन आणि मी नाशिकहून आणलेला आमचा लॅपटॉप असे चार स्क्रीन आपण ओळीने मांडले आणि गादीवर मोतिया पैठणीचा पदर पसरला. त्या तासाभरात काय सापडलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न फक्त तुमच्या दुकानाचा नाही.

दुकानातल्या मॉनिटरसमोर तुम्ही खुर्चीत बसला होतात, मी मागे उभा होतो. तुम्हाला पेज पांढरं दिसत होतं, मला त्यात पिवळसर झाक दिसत होती. मी वाकून तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर आलो तर मलाही पांढरंच दिसलं. जुन्या, स्वस्तातल्या मॉनिटरमध्ये टीएन जातीचं पॅनेल असतं, त्यात बघण्याचा कोन बदलला की रंग सरकतो. तुम्ही तेव्हा म्हणालात, 'धूपछाँव साडीसारखंच की.' साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो म्हणून तसं होतं, इथे कारण वेगळं आहे, पण डोळ्यांना येणारा अनुभव तोच. शिवाय त्या मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट कोणीतरी १००वर नेऊन ठेवला होता. तेवढा कॉन्ट्रास्ट असला की अगदी फिकट रंग आणि पांढरा यांतला फरकच पुसला जातो. बटण दाबत मी तो ७०वर आणला तेव्हा पांढऱ्यातून मोतिया हळूहळू वर आला, हे तुम्हीच आधी पाहिलंत.

जाऊबाईंच्या लॅपटॉपची गोष्ट निराळी होती. रात्री हिशेब करताना डोळे दुखतात म्हणून त्यांनी 'नाइट लाइट' चालू केला होता, तो दिवसाही चालूच राहिला होता. हे सेटिंग स्क्रीनमधला निळा प्रकाश कमी करतं, त्यामुळे सगळंच पिवळट होतं. ते बंद केल्यावर त्यांचा स्क्रीन पदराच्या सगळ्यात जवळ आला. तुमच्या फोनवर रंगांचा मोड 'व्हिव्हिड' होता. ॲमोलेड स्क्रीनला नेहमीच्या मॉनिटरपेक्षा जास्त भडक रंग दाखवता येतात, आणि या मोडमध्ये तो प्रत्येक रंग ओढून ताणून दाखवतो. मोतियाचा लिंबोणी तिथे झाला.

आता आमची चूक. स्क्रीनवरचा कुठलाही रंग लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ अशा तीन आकड्यांनी ठरतो. आम्ही निवडलेल्या रंगाचे आकडे होते लाल २५५, हिरवा २५२, निळा २४५. शुभ्र पांढऱ्या रंगात तिन्ही आकडे २५५ असतात. म्हणजे तुमचा मोतिया आणि कोरा पांढरा यांत हिरव्याला तीन आणि निळ्याला दहा पायऱ्यांचा फरक, बस्स. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या, रंग जुळवून घेतलेल्या मॉनिटरवर तो फरक सुंदर दिसला आणि तिथेच आम्ही त्याला मान्यता दिली. दुसऱ्या एकाही साध्या स्क्रीनवर उघडून बघितलं नाही. इतका नाजूक रंग दुकानातल्या मॉनिटरवर टिकणार नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं. आमचा हा धंदा आहे.

लोगोभोवतीचा चौकोन तर पूर्णपणे आमच्या हातून झाला. लोगो पारदर्शक ठेवायचा सोडून आम्ही त्याच्या मागे तोच मोतिया भरला आणि जेपीजी फाइल केली. जेपीजीमध्ये फाइल लहान करताना रंगाचे आकडे एक-दोनने इकडेतिकडे होतात. त्यात आमच्या फाइलला वेगळी कलर प्रोफाइल चिकटलेली होती, म्हणजे चित्राचा रंग एका हिशेबाने दाखवला जात होता आणि पेजचा दुसऱ्या. दुकानातल्या मॉनिटरवर सगळंच पांढरं असल्याने जोड दिसत नव्हती, लॅपटॉपवर मात्र ठिगळ लावल्यासारखी उठून दिसत होती. आता लोगो पारदर्शक पीएनजी आहे, त्याच्यामागे रंगच नाही, त्यामुळे चौकोन कुठल्याच स्क्रीनवर उरणार नाही. हे काम शुक्रवारी झालं, कृपया एकदा बघून घ्या.

तुमच्या भाच्याचा मुद्दा मी गंभीरपणे घेतला, कारण वेब-सेफ रंग ही खरी गोष्ट आहे आणि एकेकाळी अत्यंत कामाची होती. १९९०च्या दशकात पुष्कळ कॉम्प्युटर एका वेळी फक्त २५६ रंग दाखवू शकत. त्यातले काही विंडोजला आणि मॅकला स्वतःसाठी लागत. दोन्हीकडे सारखे मिळतील असे २१६ रंग उरले, तेच वेब-सेफ. लाल, हिरवा, निळा या तिघांना ०, ५१, १०२, १५३, २०४, २५५ अशा सहाच पायऱ्या, सहा गुणिले सहा गुणिले सहा. या यादीबाहेरचा रंग दिला की कॉम्प्युटर जवळचा दुसरा रंग लावायचा किंवा दोन रंगांचे ठिपके मिसळून वेळ मारून न्यायचा, आणि बॅकग्राउंड खरखरीत दिसायचं. पुढे हजारो रंगांचे स्क्रीन आले, पण त्यांच्या पायऱ्या या यादीशी जुळत नव्हत्या. २०००च्या सुमारास तपासणी झाली तेव्हा त्या २१६पैकी जेमतेम २२ रंगच सगळीकडे न बदलता दिसत होते. आज साधा फोनसुद्धा १ कोटी ६७ लाख रंगांच्या हिशेबाने चालतो, त्यामुळे यादीचं कामच संपलं आहे.

आणि आपला प्रश्न त्या यादीने सुटलाही नसता. वेब-सेफ यादीत मोतिया नाहीच. पांढऱ्याला सर्वांत जवळचा पिवळसर रंग म्हणजे २५५, २५५, २०४, तो हळदीच्या दुधासारखा दिसतो. तुम्ही तो पहिल्या नजरेत नाकारला असता. मुख्य म्हणजे आकडा 'सेफ' असला तरी नाइट लाइट त्याला पिवळा करणारच आणि व्हिव्हिड मोड भडक करणारच. वेबसाइट फक्त आकडा पाठवते. त्या आकड्याचा प्रकाश किती आणि कसा पाडायचा हे समोरचा स्क्रीन ठरवतो. यात काहीतरी शिस्त यावी म्हणून एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६मध्ये एसआरजीबी ही कुठल्या आकड्याचा नेमका कोणता रंग हे ठरवणारी पद्धत मांडली, १९९९मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि आम्ही तुमचे सगळे रंग आता त्याच हिशेबात तपासले आहेत. तरी दुकानातल्या माणसाने कॉन्ट्रास्टचं बटण कुठवर फिरवलंय, हे कुठलंही मानक ठरवू शकत नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, वाईट वाटलं तरी चालेल. 'जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तुमचा मोतिया हुबेहूब पदरासारखा दिसेल' हा शब्द मी देणार नाही. असा शब्द कोणी देत असेल तर त्याला आधी चार स्क्रीन शेजारी ठेवायला सांगा. मी शब्द देतो तो एवढा: पेजचा रंग कुठेही पांढऱ्यात हरवणार नाही, कुठेही त्याची जोड दिसणार नाही आणि अक्षरं कुठेही वाचता येतील.

अक्षरांबद्दल तुम्ही लिहिलं नव्हतंत, पण मला ती चूक गुरुवारी दिसली. साड्यांची नावं आम्ही जरीला शोभेल अशा सोनेरी रंगात दिली होती. तुमच्या सासूबाईंनी चष्मा वर-खाली केला आणि शेवटी वाचायचं सोडून दिलं. मी परत येऊन मोजलं. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांचं आणि मागच्या रंगाचं उजळपणाचं प्रमाण निदान साडेचारास एक हवं. आमचं अडीचच्याही खाली होतं. आता अक्षरं गडद वांगी रंगाची आहेत आणि प्रमाण बाराच्या वर गेलं आहे. एवढं अंतर ठेवलं की मागचा रंग एखाद्या स्क्रीनवर थोडा सरकला तरी वाचणाऱ्याचं काही अडत नाही.

नवा मोतिया २४६, २३८, २२० असा आहे. तो आमच्या चांगल्या मॉनिटरवर पदरापेक्षा एक छटा गडद वाटतो. तुम्हाला तो पहिल्यांदा जरा जास्त वाटेल, हे मान्य आहे. पण दुकानातल्या मॉनिटरवर, कॉन्ट्रास्ट पुन्हा १००वर नेऊनही, तो पांढऱ्यापासून वेगळा ओळखू येतो, आणि व्हिव्हिड मोडमध्ये लिंबोणी होत नाही. पंधरा छटा मी त्याच पदराशेजारी धरून पाहिल्या. यापेक्षा फिकट केला की जुना स्क्रीन गिळतो, आणि पिवळेपणा आणखी वाढवला की फोनवर हळद होते.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या सांगण्याविरुद्ध गेलो आहे, तेवढं ऐकून घ्या. साडीच्या फोटोभोवती आता मोतिया नाही, अगदी फिकट, तटस्थ राखाडी आहे. मोतिया वरच्या पट्टीत, पेजच्या कडांना आणि खाली पत्त्याच्या भागात ठेवला आहे. कारण शेजारचा रंग साडीचा रंग बदलून दाखवतो. हे तुम्हाला मी शिकवायला नको, तुम्हीच गुरुवारी दाखवलंत की जांभळ्या अंगाला हिरवा काठ लावला की जांभळा निराळा दिसतो आणि लाल काठ लावला की निराळा. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई बघणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळ्या धाग्याबद्दल अशीच तक्रार आली होती. त्यांनी तपासलं तेव्हा रंगाई उत्तम निघाली, शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. १८३९मध्ये त्यांनी ते सगळं सविस्तर छापलं. पिवळसर मोतियाच्या मधोमध तुमची अबोली आणि चिंतामणी ठेवणं म्हणजे त्या साड्यांवर अन्याय आहे. गिऱ्हाइकाच्या घरी साडी पोचल्यावर 'फोटोत वेगळी होती' असं ऐकू यायला नको, आणि त्यात मागच्या रंगाचा वाटा असू नये एवढी काळजी आपल्याला घेता येते.

काही फोनमध्ये ब्राउझर डार्क मोडला स्वतःच पेजचे रंग उलटे करतो आणि मोतियाचा काळपट तपकिरी होतो. आमचं पेज उजेडाच्या रंगातच दाखवावं अशी सूचना कोडमध्ये घातली आहे. बहुतेक ब्राउझर ती मानतात, सगळे नाही.

तुमच्या स्टारबद्दल मी काही म्हणणार नाही, जे झालं त्याला ते योग्यच होते. शनिवारी मी पुन्हा येतोय. तेच चार स्क्रीन मांडू, आणि यावेळी सासूबाईंना पहिल्यांदा वाचायला देऊ. नवा रंग पटला नाही तर तिथेच बसून बदलतो. तुम्ही रंग जुळवायला दिलेला पदर माझ्या टेबलावर मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवला आहे, तोही सोबत आणतो.