प्रोटॉन थांबतो हे खरं, पण नेमका कुठे?

कर्करोगाच्या गाठीवर प्रोटॉन या सूक्ष्म कणांचा झोत सोडून करायच्या प्रोटॉन उपचारांविषयी एक दावा सगळीकडे फिरतो आहे: 'प्रोटॉन गाठीतच थांबतो, सीटी स्कॅनवरून ती जागा अचूक ठरवता येते, म्हणून शेजारच्या अवयवांना इजा शून्य.' खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात, २०२३पासून हे उपचार मिळतात, त्यामुळे आपल्याकडची कुटुंबंही असलं वाचून आशा बांधतात.

'इजा शून्य' आधी बाजूला काढू. प्रोटॉन थांबता थांबता सर्वांत जास्त ऊर्जा सोडतो, हे खरंच. पण त्वचेपासून गाठीपर्यंत वाटेतल्या पेशींनाही किरणोत्साराची थोडी मात्रा मिळतेच.

'सीटीवरून अचूक ठरते' ही खरी गफलत. सीटी क्ष-किरणांनी काढतात. शरीरात क्ष-किरण किती अडतात ते त्यात दिसतं. प्रोटॉन किती खोल जाईल, हे त्यावरून गणिताने काढावं लागतं. या रूपांतरात साधारण ३.५ टक्के चूक गृहीत धरतात. २० सेंटिमीटर खोलीवर ती ७ मिलिमीटर होते! प्रोस्टेटच्या गाठीवर समोरून प्रोटॉन सोडून गुदाशयाच्या अलीकडेच थांबवता आला, तर किती बरं. पण तेवढा भरवसा नसतो, म्हणून सहसा तो दोन्ही बाजूंनी, खुब्यांच्या हाडांमधून नेतात. ज्या गुणासाठी प्रोटॉन निवडला, तोच हात राखून वापरावा लागतो. मला हे फार खटकतं, आणि प्रोटॉन इमेजिंगचं महत्त्व इथेच आहे. जास्त ऊर्जेचे प्रोटॉन शरीरातून आरपार पाठवायचे आणि पलीकडे प्रत्येकाची उरलेली ऊर्जा मोजायची. मग रूपांतराची गरजच उरत नाही. सीटी स्कॅनच्या जनकांपैकी एक, ॲलन कॉरमॅक यांनी ही कल्पना १९६३ मध्येच सुचवली होती. तिने चूक १ टक्क्याच्या आसपास आणता येते.

'मग प्रश्न मिटला' असंही कुणी म्हणू नये. प्रोटॉन सरळ जात नाही, अणुकेंद्रकांजवळून जाताना किंचित वळत राहतो. त्यामुळे चित्र धूसर येतं आणि प्रत्येक प्रोटॉनचा संभाव्य मार्ग हिशेबाने काढावा लागतो. शिवाय उपचारांत वापरतात तेवढ्या जास्त ऊर्जेचा, म्हणजे २३० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं एकक) प्रोटॉनही पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटरच जातो. स्थूल माणसाच्या कमरेतून आडवा पार होणं कठीण. ही यंत्रं अजून मुख्यतः संशोधनातच आहेत.

तोवर घरच्यांनी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: या चुकीसाठी गाठीभोवती किती जागा जास्तीची धरली आहे? आणि वजन उतरलं किंवा गाठ आकसली, तर पुन्हा स्कॅन करून आखणी बदलणार का?