'बायकांनाच हौस नव्हती' म्हणणाऱ्या वाचकाला

पूर्वी मराठी रंगभूमी बायकांना बंद होती, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. आभार मानायची पद्धत आहे म्हणून आभार. 'बाईसाहेब, जरा अभ्यास वाढवा' अशी सुरुवात करायची आणि शेवटी 'राग मानू नये' म्हणायचं, ही आपली पुणेरी शैली दुकानाबाहेरच्या पाटीवर शोभते. त्यात तुम्ही टोपणनावाआड.

लेखाचं शीर्षक जरा भडक होतं, मान्य.

पण 'रंगभूमी बंद वगैरे काही नव्हती, बायकांनाच हौस नव्हती' हे तुमचं वाक्य मी सोडणार नाही. 1913 साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, शेवटी साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं, हे सगळे रंगवून सांगतात. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी, हे मात्र अभ्यासू मंडळींच्या लक्षात राहत नाही. (सिनेमा होता, ठाऊक आहे. मायलेकी नाटक कंपनीतूनच तिकडे गेल्या.) दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहून मुलीला वाढवत होत्या. लोक काय म्हणतील ते आधीच म्हणून झालं होतं.

आणि निव्वळ बायकांच्या नाटक मंडळ्या? तिथे पुरुषांची कामंही बायकाच करत. हौस नसताना कोण मिशा चिकटवून उभं राहतं हो? त्यांतल्या बऱ्याचजणी कलावंतिणींच्या घरच्या, म्हणून 'घरंदाज' हिशेबात त्यांची मोजदादच नाही. तुमच्याही हिशेबात नाही, हे तुमच्या 'चांगल्या घरातल्या बायका' या शब्दांवरून दिसलंच.

माझं म्हणाल तर कॉलेजात एकांकिकेच्या तालमींना मीही जात होते. तालीम लांबली की वडील लूना घेऊन फाटकाबाहेर उभे. आत यायचे नाहीत, हॉर्न वाजवायचे नाहीत. दिग्दर्शकाने ते बघून माझं काम कापत कापत दोन वाक्यांवर आणलं, मग मीच सोडलं. उद्या तुम्ही म्हणाल, हिलाच हौस नव्हती.

स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची 'एकच प्याला'तली सिंधू अप्रतिम होती, हे मी नाकारलंय कुठे? परंपरा, संस्कार, आजकालच्या मालिका यांवर तुम्ही जे चार परिच्छेद लिहिलेत, त्यांना उत्तर द्यायला मला सवड नाही. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा.