मँडोलिन उतरतं, चाव्या बिचाऱ्या बदनाम

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: ‘मँडोलिन सारखं उतरतंय? चाव्या झिजल्यात, घसरतात. तेल मारा, नाहीतर 18:1चा नवा सेट टाका. कुठलाही बसतो.’ वादकच हा पुढे ढकलतात, याचं जास्त वाईट वाटतं.

मूळ आरोप आधी घेऊ. चावी म्हणजे तार ताणून सूर लावायची कळ. तिचं बटन फिरवलं की मळसूत्री दांडा फिरतो, दांडा चक्राला फिरवतो आणि चक्राच्या खुंटीवर तार गुंडाळली जाते. दांडा चक्राला फिरवतो, चक्राला मात्र दांडा फिरवता येत नाही. त्यामुळे तारेने कितीही ओढलं तरी चावी मागे येत नाही. खात्री करायची तर बटनावर मार्करने ठिपका काढा आणि तासभर वाजवा. तार उतरलेली असेल, ठिपका जागच्या जागी. झिजलेल्या चावीत ढील असते, हे खरं. त्याला उपाय जुनाच: तार सुराच्या खाली न्यायची आणि चढवत सुरावर आणायची.

मग तार उतरते कशाने? मँडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात. माझी ए सुराची जोडी दर गाण्याला पडायची. दुकानदाराने नवा सेट बसवला, पैसे घेतले, तार तशीच. एका रात्री पंखा बंद करून कान लावला. चावी फिरवतोय तरी सूर चढेना, मग नटापाशी (मानेच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा) बारीक ‘टिंग’ झालं आणि तार सुराच्या वर उडाली. ती हलकेच उतरवली की नट आणि खुंटी यांच्यामधला तुकडा सैल पडायचा. दोन मिनिटं ट्रेमोलो, म्हणजे तारेवर झपझप वर-खाली छेड, केला की ती ढील नटाच्या खाचेतून पुढे सरकायची आणि सूर पडायचा. खाच अरुंद होती, एवढंच. ती किंचित रुंद करून घेतली, मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं, झालं काम. बाकी नव्या तारा दोन-तीन दिवस ताणत राहतात आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं, ते वेगळंच.

तेलाबद्दल: स्प्रे मारू नका. तो खुंटीच्या भोकातून लाकडात झिरपतो, पॉलिश खातो आणि गिअरवर धूळ धरतो. कोरड्या ब्रशने साफ करून सुईच्या टोकाने मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला तरी पुष्कळ.

18:1चा अर्थ, बटनाच्या अठरा फेऱ्यांत खुंटीची एक फेरी. सूर लावताना हात बारीक चालतो. सूर टिकण्याशी त्याचा संबंध नाही.

‘कुठलाही बसतो’ हे मात्र महागात पडतं. चार चाव्या एकाच धातूच्या पट्टीवर बसवलेल्या असतात. अशा अमेरिकी पट्टीत दोन खुंट्यांमधलं अंतर 29/32 इंच, म्हणजे 23 मिमी. तुमच्या वाद्यात ते अर्ध्या मिलिमीटरने जरी वेगळं असलं तरी चौथ्या खुंटीपर्यंत दीड मिलिमीटरचा फरक पडतो. मग कोणीतरी ड्रिल काढतो. न्यू जर्सीच्या माझ्या भाच्याने गिब्सन या अमेरिकी कंपनीचं जुनं मँडोलिन घेतलं आणि नवी पट्टी मागवली. 1920च्या दशकाच्या मध्यापर्यंत गिब्सनवर दांडा चक्राच्या खाली, नटाच्या बाजूला असे. नंतर तो वर, म्हणजे नटाच्या उलट बाजूला गेला. कारण साधं आहे. तार खुंटीचं टोक नटाकडे ओढते, मधलं बुश (खुंटीभोवतीची धातूची कडी) टेकू होतं आणि पाठीमागचं चक्र वर रेटलं जातं. दांडा वर असला की दाते घट्ट बसतात. भाच्याच्या नव्या पट्टीवर दांडा वर होता, त्यामुळे बटनांची जागाच सरकली, जुनी स्क्रूची भोकं उघडी पडली. पट्टी परत पाठवली आणि जुनीच साफ करून लावली.

दाता तुटला किंवा दांडा वाकला असेल तर चावी जरूर बदला. फक्त सगळ्या तारा एकदम काढू नका. घोडी, म्हणजे वाद्याच्या पोटावर तारा टेकतात तो लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. प्लास्टिकचं बटन चुरा झालं असेल तर नुसतं बटनही मिळतं, त्यासाठी पट्टी काढायची गरज नाही.