‘दहाच तर मुले असतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विशेष शिक्षकांच्या खचत चाललेल्या मनोबलाविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा, की या शिक्षकांकडे जेमतेम दहा-पंधरा मुले असतात, शेजारच्या वर्गातले गुरुजी चाळीस मुले सांभाळतात, आणि दिव्यांग मुलांना शिकवणे ही सेवा असल्याने तिथे पगाराचा व कायमपणाचा हिशेब मांडणे शोभत नाही. ज्याला मुलांचा लळा आहे, त्याला समाधान आपोआप मिळते.

यातले शेवटचे वाक्य खरे आहे. मी १४ वर्षे कंत्राटी विशेष शिक्षिका होते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या एका मुलीकडे मी गृहभेटीला जात असे. तिच्या मुठीत चमचा टिकत नसे. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जाड केला आणि कित्येक महिने आम्ही एकच गोष्ट करत राहिलो : वाटी, चमचा, तोंड. ज्या दिवशी तिने वरणभाताचा घास स्वतःच्या हाताने तोंडात घातला, त्या दिवशी निम्मा घास फ्रॉकवर सांडला होता. तिची आजी चुलीपुढून उठून आली आणि काही न बोलता नातीच्या हातावर हात ठेवून बसून राहिली. या समाधानाला मी कधीच पारखी झाले नाही.

पण त्या महिन्यांतच मधे माझ्या कराराची मुदत संपली. दोन करारांमधला ब्रेक, म्हणजे खंड, कागदोपत्री एका दिवसाचा असतो. नवा आदेश हाती यायला त्या वेळी पाच आठवडे लागले. पुन्हा गेले तेव्हा तिची मूठ पहिल्यासारखीच घट्ट वळलेली होती, आणि आम्हाला परत वाटीपासून सुरुवात करावी लागली. कायमपणाची मागणी मी करते ती या पाच आठवड्यांसाठी. सेवाभाव शिक्षकाने आपणहून आणायचा असतो. नेमणूक करणाऱ्याने तो गृहीत धरून करार आखायचा नसतो.

आता दहा मुलांविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवले, कारण या मुलांना एकाच फळ्यावरून शिकवता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे. एकाला ब्रेल हवी, दुसऱ्याला खुणांची भाषा, तिसऱ्याला आधी पाच मिनिटे एका जागी बसायला शिकवायचे. आणि ही मुले एका वर्गात नसून केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, वेगवेगळ्या शाळांत व वस्त्यांवर विखुरलेली असतात. त्यातून सहायक साधनांसाठीची मोजमाप शिबिरे, प्रमाणपत्रांचा पाठपुरावा आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत आठवडा संपतो, आणि शिकवणे तेवढे मागे राहते. याहून जिव्हारी लागते ते शाळेत पाय ठेवताच ऐकू येणारे वाक्य : ‘मॅडम, तुमचा मुलगा आज फार त्रास देतोय.’ तो मुलगा त्या शाळेच्या पटावर असतो.

गृहभेटीच्या वहीवर परस्पर सह्या घेणाऱ्या एका शिक्षकाचा आपण उल्लेख केला आहे. अशांची चौकशी व्हायलाच हवी, यात मी आपल्याशी सहमत आहे. मात्र तपासणीला येणारे फक्त सही पाहतात, मूल पाहत नाहीत. त्यामुळे खरी भेट आणि खोटी भेट वहीत सारखीच दिसते, आणि उन्हातून दोन मैल चालत जाणारी बाई मनातून खचते.

२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शाळांच्या केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्यास मान्यता दिली, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या एका सहकारी बाईंना मात्र तोवर थांबता आले नाही. दोन मुलांची फी आणि तीन-तीन महिने रखडणारे मानधन यांचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी शिवणकामाचे दुकान टाकले. त्या गेल्या त्या दिवशी आमच्या तालुक्यातल्या कर्णबधिर मुलांशी खुणांच्या भाषेत बोलू शकणारे कोणीही उरले नाही.