चालतंय ना, मग कशाला हात लावता?

कॅमेरा चित्र दाखवतोय, बल्ब मोबाईलवरून लागतोय, राउटरवर हिरवा ठिपका आहे. झालं, तपासणी संपली. यापुढे खोलात शिरणारी माणसं संशयी स्वभावाची असतात, आपण तसं नसावं.

पासवर्डचंच घ्या. उपकरण ‘अ‍ॅडमिन’ या नावाचं आणि ‘अ‍ॅडमिन’ याच पासवर्डचं घरी आलं असेल तर तो प्राणपणाने जपा. लक्षात ठेवायला सोपा आहे, तुम्हाला आणि इतरांनाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमची सगळी भिस्त याच सोयीवर होती. कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या, एवढंच त्याचं भांडवल. त्या आळीपाळीने लावून पाहत तो लाखो कॅमेऱ्यांत, त्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमध्ये आणि राउटरांत शिरला. कुलूप फोडायची वेळच आली नाही, किल्ली दारालाच लटकत होती. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर मिराईच्या फौजेचा असा मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय अनेकांना कित्येक तास उघडेनात. फौजेतल्या उपकरणांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण मिराई शिरल्यावरही उपकरण आपलं नेहमीचं काम करतच राहतं. फार तर जरा मंदावतं.

आता काहीही बिघडलं की बंद करून चालू करणं हा आपला रामबाण उपाय. मिराईवर तो खरोखर लागू पडतो बरं का! मिराई फक्त तात्पुरत्या मेमरीत राहतो, वीज गेली की गेला. पासवर्ड तोच ठेवला असेल तर काही मिनिटांत परत येऊ शकतो, पण तेवढी मिनिटं तरी समाधानाची.

अपडेट आला की ‘नंतर’ दाबा. दुरुस्ती जाहीर झाली की भोक नेमकं कुठे होतं हेही जाणकारांना कळतं. त्यामुळे तुमचं ‘नंतर’ वाया जात नाही, कोणाच्या तरी उपयोगी पडतं. राउटरमधलं यूपीएनपी चालूच असू द्या. उपकरणं इंटरनेटकडची आपापली दारं आपणच उघडून घेतात, तुम्हाला उठायला नको. आणि बल्ब-कॅमेऱ्यांना वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर ठेवण्याचा पंक्तिप्रपंच कशाला? बँकेचे व्यवहार होतात त्या लॅपटॉपशेजारीच बसू द्या सगळ्यांना.

एक पथ्य मात्र कडक पाळा: उपकरण उलटं करू नका. खाली स्टिकर असतो. त्यावर मॉडेल नंबर असतो आणि शेजारी हार्डवेअरची आवृत्तीही. तो नंबर कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकला की शेवटचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, कधी आलं ते दिसतं. तारीख चार वर्षांपूर्वीची निघाली तर अर्थ सरळ आहे: उपकरण परिपूर्ण झालं, आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही. तोच नंबर सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर नोंदवहीत तर शोधूच नका. १९९९ पासून चालू आहे ती, जाड असणारच. अमेरिकेची सीसा ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची वेगळी यादी ठेवते. त्यात सपोर्ट संपलेल्या काही राउटरांपुढे उपाय म्हणून एवढंच लिहिलंय की वापरात असेल तर काढून टाका. किती हा निष्ठुरपणा!

नवं घेताना रंग बघा, ‘किती वर्षं अपडेट देणार?’ असं विचारून विक्रेत्याला अवघडवू नका. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून हा किमान कालावधी सांगणं कायद्यानेच बंधनकारक झालंय आणि सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देण्यावर बंदी आलीय. युरोपीय संघाच्या अशाच कायद्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, त्यात साधारणपणे किमान पाच वर्षांचा सपोर्ट अपेक्षित आहे. तोवर खरेदी उरकून घ्या.

‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा एक स्मार्ट हब होता, घरातली स्मार्ट उपकरणं एका जागेवरून चालवणारा. २०१६ च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली गेली आणि हबही निकामी झाला. लोक फार चिडले. मला विचाराल तर तो त्यातल्या त्यात प्रामाणिक निघाला, सपोर्ट संपला तसा चालायचाही थांबला. तुमचा जुना राउटर असा दगा देणार नाही. नवा आणलात तरी त्याला फेकू नका. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणता ना? तिथे लावा. चालतोय की अजून.