मोच्याने तर्क का करू नये?

गेल्या महिन्यात बाबांनी व्हिडिओ कॉलवर हायकोर्टाचा निकाल कॅमेऱ्यासमोर धरला. बावीस पानं, सगळी इंग्रजीत. शेताच्या बांधाचा दावा तालुक्यापासून जसजसा वर चढला, तसतशी त्याची भाषा बाबांच्या हातून सुटत गेली. ‘अपील पार्टली अलाउड’ या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “म्हणजे आपण जिंकलो की हरलो रे?”

मी राहतो इंग्लंडातल्या श्रूजबरीला. इथल्याच शाळेत सोळाव्या शतकात अब्राहम फ्रॉन्स शिकला. पुढे तो वकील झाला. कवी आणि भाषांतरकारही होता. त्या काळी इंग्रज वकील कायदा शिकत तो फ्रेंचमध्ये, इंग्रजी शब्द मिसळलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये. कोर्टाचं दप्तर लॅटिनमध्ये. १५८८ साली फ्रॉन्सने ‘द लॉयर्स लॉजिक’ काढलं, वकिलांसाठी तर्कशास्त्र, आणि तेही इंग्रजीत. त्यात खटल्यांच्या शेजारी त्या काळचा कवी एडमंड स्पेन्सर याच्या मेंढपाळांवरच्या कविता उदाहरणाला येतात. प्रस्तावनेत एक विद्वान कुरकुरतो की अशाने उद्या मोचीही तर्क लढवील. फ्रॉन्सचं उत्तर मला पाठ झालंय: मोची माणूसच ना, मग त्याने तर्कशास्त्री का होऊ नये? गाडीवानाला बुद्धी आहे, मग तर्कशास्त्र का नको?

खालच्या कोर्टात मराठी ठीक, हायकोर्टाचं काम तिला पेलायचं नाही, असं गावाकडचे माझे वकील मित्र म्हणतात. न्यायमूर्ती परप्रांतातून बदलून येतात, ही त्यांची अडचण खरी आहे. पण ‘पेलायचं नाही’ हे मला मान्य नाही. इंग्रजीलाही पेलायला वेळच लागला. कोर्टातून फ्रेंच आणि लॅटिन कायमची जायला १७३३ साल उजाडलं, फ्रॉन्सच्या पुस्तकानंतर १४५ वर्षांनी!

फ्रॉन्सला सगळंच साधलं असं नाही. हेक्झामीटर हे लॅटिन कवितेचं वृत्त त्याने इंग्रजीवर चढवलं आणि कविता अडखळली. नाटककार बेन जॉन्सनने त्यापायी त्याला मूर्ख म्हटलं. आपण कायद्याच्या मराठीचं तेच करतो. संस्कृत शब्दांनी ती इतकी जड होते की बाबांना तीही इंग्रजीइतकीच परकी वाटते. तारीख, स्टे, कैफियत, वकीलपत्र हे शब्द कोर्टाच्या आवारात रुळलेत. ते तसेच राहू द्यावेत.

फ्रॉन्सने वकिली केली ती वेल्सच्या सीमेवर, लडलोच्या न्यायालयात. वेल्सच्या कोर्टांवर १५३६ च्या कायद्याने इंग्रजी लादली गेली होती. आज तिथे कुणीही वेल्शमध्ये साक्ष देऊ शकतो, १९९३ च्या कायद्याने तो हक्क आहे. दुभाषा बसतो, काम चालतं. आपल्याकडे राजस्थान, उत्तर प्रदेशच्या हायकोर्टांत हिंदीला परवानगी आहे, राज्यघटनेत वाट आहे. मग महाराष्ट्र ती वाट का धरत नाही?

त्या रात्री बावीस पानं वाचून मी बाबांना लिहून पाठवलं: ‘बांध सरकारी मोजणीप्रमाणे राहील. विहिरीवरचा आपला हक्क मान्य. नुकसानभरपाई नाही. खर्च ज्याचा त्याने सोसायचा.’ बाबांनी ते तसंच्या तसं काकांना पाठवलं.