फोर्झा होरायझन ४ दुकानातून गेला, तुमच्या लायब्ररीतून नाही

मायक्रोसॉफ्टच्या फोर्झा होरायझन ४ या कार रेसिंग गेमची डिजिटल विक्री १५ डिसेंबर २०२४ ला थांबली आणि तेव्हापासून एक मजकूर रूपं बदलत फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, दावे तेच राहतात. मायक्रोसॉफ्टने गेम बंद केला. ज्यांनी पैसे मोजले त्यांच्याकडूनही तो काढून घेतला, द क्रू या दुसऱ्या रेसिंग गेमचं झालं तेच. गाड्या-गाण्यांचं लायसन्स संपलं हा निव्वळ बहाणा, खरं कारण पुढचा भाग खपवणं. आणि लायसन्सच संपलं असेल तर तेवढ्या गाड्या काढून गेम विकता आला असता. डिस्क घेतली असती तर ही वेळ आली नसती. शेवटी ती टाळ्याखाऊ ओळ: विकत घेऊनही मालकी मिळत नसेल, तर पायरसीला चोरी का म्हणायचं?

यातला राग मला समजतो, बराचसा पटतोही. पण हा सगळा प्रकार ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा झालाय, त्यामुळे एकेक दावा तपासायला हवा.

‘गेम बंद केला, घेतलेल्यांचाही गेला’

बंद झाली ती विक्री. ज्याच्या स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) किंवा एक्सबॉक्स खात्यावर हा गेम आहे, त्याला तो विक्री थांबल्यानंतरही डाउनलोड करता येतो. पीसी बदला, कन्सोल बदला, लायब्ररीत तो दिसतो. ऑनलाइन शर्यतीही त्या दिवशी थांबल्या नाहीत. घोषणा जून २०२४ च्या अखेरीस झाली होती, म्हणजे जवळपास सहा महिने आधी. डीएलसीची, म्हणजे वेगळ्या पैशाने घ्यायच्या वाढीव भागांची, विक्री घोषणेबरोबरच थांबली, मूळ गेम मात्र डिसेंबरपर्यंत मिळत होता आणि मधल्या काळात चांगल्या सवलतीतही मिळाला. फेस्टिव्हल प्लेलिस्टची, म्हणजे गेममध्ये ठरावीक काळाने येणाऱ्या नव्या आव्हानांची, शेवटची, ७७ वी मालिका २२ ऑगस्टला संपली. त्यानंतर नवं काही येणार नव्हतं, हे तेव्हाच सांगून झालं होतं.

नुकसान कोणाचं झालं? गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या सदस्यत्व योजनेवर खेळणाऱ्यांचं. त्यांनी गेम घेतलाच नव्हता, सदस्यत्वाच्या जोरावर खेळत होते, त्यामुळे १५ डिसेंबरला त्यांच्यासाठी दार लागलं. त्यातही ज्यांनी वेगळे पैसे देऊन डीएलसी घेतलं होतं, त्यांना मूळ गेमचं टोकन (फुकट घ्यायचा कोड) देण्याची सोय जाहीर झाली होती. उदार वगैरे नाही, एवढं करायलाच हवं होतं. पण ‘घेतलेल्यांकडूनही काढून घेतला’ हे वाक्य त्यांनाही लागू पडत नाही.

उलट बाजूने कोणी छातीठोक सांगत असेल की मालकांना कधीच काही फरक पडत नाही, तर तेही खरं नाही. पहिला फोर्झा होरायझन ऑक्टोबर २०१६ मध्ये विक्रीतून गेला आणि दुसरा सप्टेंबर २०१८ मध्ये. दोघांचेही सर्व्हर २२ ऑगस्ट २०२३ ला बंद झाले. एकट्याने खेळायचा भाग राहिला, ऑनलाइन सगळं गेलं. विक्री थांबणं आणि सर्व्हर थांबणं यांत एका बाबतीत सात वर्षं गेली, दुसऱ्या बाबतीत पाच. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

‘द क्रूचं झालं तेच’

तेच झालं असतं तर मीही हा मजकूर पुढे पाठवला असता.

युबिसॉफ्टचा द क्रू डिसेंबर २०१४ मध्ये आला. १४ डिसेंबर २०२३ ला विक्रीतून गेला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. हा गेम एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. म्हणजे त्या तारखेनंतर अमेरिकेचा तो भलामोठा नकाशा, गाड्या, कथानक, सगळं एका झटक्यात गेलं. वर खेळाडूंच्या खात्यांवरचे परवानेही रद्द झाले. ‘घेतलेल्यांकडूनही काढून घेतला’ हे शब्द इथे अक्षरशः खरे आहेत.

याच प्रकरणातून एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. युरोपीय संघातल्या नागरिक याचिकेवर पुढे १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. फिरणाऱ्या मजकुरात या मोहिमेचं नाव हमखास येतं, म्हणून तिची मागणी नीट वाचायला हवी. कंपन्यांनी जुने गेम कायम विकत राहावेत असं ती म्हणतच नाही. सर्व्हर कायम चालू ठेवा असंही म्हणत नाही. आधार काढून घ्यायची वेळ आली की गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडा, एवढंच मागणं आहे. त्या कसोटीवर फोर्झा होरायझन ४ चं विक्रीतून जाणं गुन्ह्यातच मोडत नाही. द क्रू मोडतो.

नेमक्या मागणीचा उपयोग झाला, हेही सांगतो. युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये द क्रू २ आणि मोटरफेस्ट या मालिकेतल्या पुढच्या गेमसाठी ऑफलाइन सोयीचा शब्द दिला, आणि द क्रू २ मध्ये ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलीही. जे पहिल्याच्या बाबतीत झालं नाही, ते दुसऱ्याच्या बाबतीत झालं.

‘लायसन्स हा बहाणा, खरं कारण पुढचा भाग’

हा दावा सगळ्यांत पटणारा आहे, कारण कंपन्यांबद्दल वाईट विचार करायला कोणाला पुरावा लागत नाही. मलाही लागत नाही. पण तारखा मांडून पाहिल्या की गणित जमत नाही.

फोर्झा होरायझन ५ आला नोव्हेंबर २०२१ मध्ये. चौथा भाग गेला डिसेंबर २०२४ मध्ये. मधली तीन वर्षं दोन्ही शेजारीशेजारी विकले गेले. पाचवा खपवायला चौथा मारायचा असता, तर तो पाचवा नवा असताना मारायचा. तिसऱ्या भागाचंही असंच आहे: चौथा ऑक्टोबर २०१८ ला आला, तिसरा सप्टेंबर २०२० मध्ये काढला.

सगळ्यांत बोलकं उदाहरण फोर्झाच्याच दुसऱ्या मालिकेतल्या, फोर्झा मोटरस्पोर्ट ७ चं आहे. ऑक्टोबर २०१७ चा हा गेम सप्टेंबर २०२१ मध्ये विक्रीतून गेला. त्यानंतरचा मोटरस्पोर्ट आला ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे दोन वर्षं कंपनीकडे विकायला मोटरस्पोर्ट मालिकेतला चालू गेमच नव्हता. नवा माल खपवण्यासाठी जुना काढला म्हणायचं, तर नवा माल कुठे होता?

आता दुसरी गोष्ट बघा. होरायझन १ विक्रीत होता २०१२ ते २०१६. होरायझन २ २०१४ ते २०१८. होरायझन ३ २०१६ ते २०२०. मोटरस्पोर्ट ७ २०१७ ते २०२१. चार गेम, प्रत्येकाला चार वर्षं. इतकी शिस्त विपणन विभागाच्या लहरीत सापडत नाही, मुदतीच्या करारात सापडते. होरायझन ४ ला सहा वर्षं मिळाली. त्या मानाने तो दीर्घायुषीच.

अशा गेममध्ये करार किती असतील याचा अंदाज घ्या. होरायझन ४ सुरुवातीलाच ४५० च्या आसपास गाड्या घेऊन आला आणि नंतर त्यांत भर पडत गेली. फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन, फोर्ड, प्रत्येक कंपनीशी नाव, चिन्ह आणि आकार वापरायचा वेगळा व्यवहार. त्यावर रेडिओ स्टेशनांवरची गाणी, म्हणजे वेगवेगळ्या संगीत कंपन्या. त्यावर जेम्स बाँडच्या गाड्यांचा संच. त्यावर २०१९ चं लेगोचं आख्खं विस्तारित जग. यांतल्या एकाचीही मुदत संपली तरी नवी प्रत विकताना अडचण येते.

लायसन्सची ताकद काय असते ते पोर्शने दाखवून दिलंय. २००० पासून २०१६ पर्यंत पोर्शचे गेममधले हक्क ईए या गेम कंपनीकडे होते. इतरांना पोर्श हवी असेल तर ईएच्या दारात जायचं, नाहीतर पोर्शवर आधारित गाड्या बनवणाऱ्या रुफ या कंपनीच्या गाड्या घालून वेळ मारून न्यायची. मोठमोठ्या रेसिंग गेमच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं रुफ चालवली ती हौसेने नव्हे. सेगाचा आउटरन ऑनलाइन आर्केड फेरारीचा परवाना संपल्यावर डिजिटल दुकानांतून गेला. प्रोजेक्ट कार्स आणि प्रोजेक्ट कार्स २ हे दोघं २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गेले, तेव्हा निर्मात्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की गाड्या आणि ट्रॅक, दोन्हींचे परवाने संपत आहेत. ट्रॅकलाही मालक असतात, हे आपण विसरतो.

याच्या शेजारी ट्रॅकमेनिया किंवा रेकफेस्ट ठेवून पाहा. त्यांतल्या गाड्या बनावट, त्यामुळे कोणा कारखानदाराच्या कराराची मुदत त्यांच्या डोक्यावर नाही. २००८ चा बर्नआउट पॅराडाइज २०१८ मध्ये नवं रूप घेऊन परत आला, त्यातल्याही गाड्या काल्पनिकच. गाणी मात्र खरी होती. म्हणजे परवाने लांब मुदतीचे करता येतात, नव्याने घेता येतात. पैसे मोजायची तयारी हवी.

इथे मी मजकूर लिहिणाऱ्याला अर्धा गुण देतो. ‘लायसन्स संपलं’ म्हणून कंपन्या हात वर करतात, तेवढ्या त्या हतबल नसतात. ॲलन वेक हा रेसिंग गेम नाही, पण उदाहरण चपखल आहे: गाण्यांचे हक्क संपल्याने मे २०१७ मध्ये तो विक्रीतून गेला, आणि हक्क पुन्हा घेतल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये परत आला. करता येतं. फक्त सहा वर्षं जुन्या गेमसाठी डझनावारी कंपन्यांशी नव्याने बसणं परवडत नाही, असा हिशोब कोणीतरी केलेला असतो. तो पैशाचा निर्णय असतो आणि त्याला तसंच म्हणावं. बहाणा म्हणणं वेगळं. लायसन्स खरंच संपतं.

‘मग तेवढ्या गाड्या काढून विका’

ऐकायला सोपं आहे. जीटीए ४ मध्ये २०१८ साली असंच झालं होतं: गाण्यांची मुदत संपली, अपडेट आला आणि रेडिओवरची बरीच गाणी गेली. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी पैसे भरले होते त्यांच्या गेममधूनही गेली! आता हेच गाड्यांबाबत करा. ज्याने वेगळे पैसे देऊन कार पॅक घेतला, रंगरंगोटी करून, ट्यूनिंग करून गॅरेज भरलं, त्याच्या गॅरेजमधून फेरारी उचलून न्यायची? नव्या ग्राहकांसाठी वेगळी, गाड्या कमी असलेली आवृत्ती काढायची म्हटली, तर एकाच ऑनलाइन शर्यतीत दोघांना एकत्र बसवायचं कसं?

विक्री थांबवण्याचा मार्ग जुन्या मालकांना हात लावत नाही. मजकूर लिहिणारा ज्यांच्या बाजूने बोलतोय, त्यांच्यासाठी हाच सगळ्यांत सोसवणारा पर्याय आहे.

‘डिस्क घेतली असती तर…’

फोर्झा होरायझन ४ ची एक्सबॉक्सची डिस्क चालते, हे खरं. विस्तारित भाग मात्र डिस्कवर नाहीत, आणि ते आता विकतही मिळत नाहीत. द क्रूचीही डिस्क होती, ती आज बशीखाली ठेवायच्या लायकीची आहे. ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टचे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाले, तरी एकट्याने खेळायचा भाग चालू राहिला. तो डिस्कमुळे नाही, निर्मात्यांनी तशी सोय ठेवली म्हणून. गेम सर्व्हरविना उभा राहतो का, हे पाहायचं. तो कोणत्या डबीतून आला याने फारसं ठरत नाही.

‘…तर पायरसीला चोरी का म्हणायचं?’

मालकीचा मुद्दा खरा आहे. डिजिटल दुकानात आपण परवाना घेतो, वस्तू नाही. कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लावतो, आणि स्टीमने त्याआधीच पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना टाकली. कायदा सांगायला लावतो, एवढंच. गेम काढून घेण्यावर बंदी घालत नाही.

जतनाचा मुद्दाही खरा आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता बाजारात मिळत नाहीत असं निघालं. विक्री थांबल्याचा खरा फटका इथे बसतो: ज्याने घेतला त्याला नाही, ज्याने अजून घेतलाच नाही त्याला.

पण घोषणा म्हणूनही ही ओळ चालत नाही. द क्रूची पायरेटेड प्रत कोणाकडे असती, तर ३१ मार्च २०२४ नंतर तीही तितकीच मेली असती, कारण गेमचा अर्धा जीव युबिसॉफ्टच्या सर्व्हरवर होता. तो गेम परत उभा राहिला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या ‘द क्रू अनलिमिटेड’ या सर्व्हरमुळे.

फोर्झा होरायझन ४ आज नव्याने हवा असेल तर एक्सबॉक्सवाल्यांना जुनी डिस्क शोधता येईल. पीसीवाल्यांना तेही नाही, तिथे हा गेम डिस्कवर कधी आलाच नव्हता. कुठे शिल्लक राहिलेल्या की, म्हणजे गेम सुरू करायचे कोड, मिळतील, पण विकणारा कोण आहे ते आधी बघा.